बाबांचा सदरा

कापड प्लास्टरमध्ये बुडवून त्याचं शिल्प होतं का, ते बघायला मी बाबांचा जुना सदरा बुडवला आणि त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर पसरला. चहा घेऊन आलेल्या आईने सदऱ्याच्या खांद्यावर सहज हात ठेवला आणि ती दचकली.

"अगं, हा गरम लागतोय!"

प्लास्टर घट्ट होताना तापतं, एवढंच. पण मला ते सांगवेना. ती हात न काढता तशीच उभी राहिली. चुण्या कशा पडाव्यात तेवढं माझ्या हातात असतं. ऊब आपली आपण येते आणि जाते.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "गार पडतोय गं. काहीतरी कर ना."

दवाखान्यात बाबांचा हात धरून ती हेच म्हणाली होती. तेव्हाही मी नुसती उभी होते.