सोमीचा उंदीर सरकारी कागदावर

लढाईचे दिवस व्हते. इंग्रज अजून गेला नव्हता. भात पिकलं की सरकारात भरायचं, त्याला लेव्ही म्हनायचे. आन हिकडचं भात तिकडं न्यायचं तर कागद लागायचा. शिळफाट्याला नाका बसवलेला. तिथं एक कारकून टेबल टाकून बसायचा. त्याचं नाव नको लिवू. त्याची नातवंडं हायत खोपोलीत, भली मानसं.

तर सोमी. कातकरीन. डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी, वीस-बावीस झोपड्या. सोमीला बीळ कळायचं. भात कापून झालं, भारे खळ्यावर गेले, की बाई बांधाबांधानं फिरायची. बिळाच्या तोंडाशी बसायची, चिमूटभर माती हुंगायची आन सांगायची, "ह्यो उंदीर आळशी हाय, घरात काय नाय. त्या पलीकडच्याकडं चला, तो संसारी हाय."

खोटं नाय सांगत. शेतातला उंदीर लोंब्या तोडून आत नेतो आन अशा रचून ठेवतो, तुझ्या आईचं कपाट बघावं आन ते बघावं. ते खनून काढायचं. खळं शेतकऱ्याचं, बीळ कातकऱ्याचं, आजा-पंज्यापासनं असंच. सोमीचा आनखी एक नेम. मूठभर भात आन उंदराचं एक जोडपं आत सोडून यायची. "बियानं नको?" म्हनायची.

त्या साली तिची लेक जना बाळंत झाली. पोरगी झाली. पाचवीचा दिवस उजाडला आन घरात दाना नाय. नाचनी पन सरलेली. रेशनचं म्हनशील, तर वाडीच कुठल्या कागदात नव्हती, मग रेशन कुनाच्या नावानं देनार? बाळंतिनीला पेज नको? पाचवीला सारी वाडी येनार, त्यांना घास नको? सोमी कुदळ घेऊन खाली उतरली. कोंडाजीच्या आन मोहियुद्दीनशेठच्या शेतामधल्या बांधात तिला असं बीळ घावलं, चार पायल्या भात निघालं. वर एक उंदीर, जित्ता, गलेलठ्ठ. त्याच्या पायाला सुतळी बांधली, पळसाच्या पानात गुंडाळला, पाटीच्या कडेला खोचला, आन बाई निघाली वाडीला. वाटंत नाका.

"काय आहे पाटीत?" कारकून म्हनला.

"भात."

"कुणाचं?"

"उंदराचं."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. सोमी तीच व्हती.

"सर्वे नंबर?"

"बीळ हाय रावसाहेब. तोंड उगवतीला."

त्यानं पाटीत हात घातला. अर्धं भात तांबडं, अर्धं पांढरं. "दोन जातींचं भात एका पाटीत. म्हणजे दोन घरांतून उचललंस."

"उंदीर कुठं जात बघतो?" सोमी म्हनली. "त्याला दोन्ही शेजारी सारखे."

"तू शेतकरी?"

"नाय."

"कूळ?"

"नाय."

"व्यापारी?"

ह्याला सोमी हसलीच. कारकून चिडला. "मग कुठल्या रकान्यात घालू तुला?"

"कातकऱ्याच्या."

"तसा रकाना नाही."

"मग पाडा की. कागद बक्कळ मोठा हाय."

कारकून म्हनला, "हे बघ बाई. देणाऱ्याचा अंगठा इथे, घेणाऱ्याचा तिथे. मालक आणून उभा कर, नाहीतर संध्याकाळी पाटी गोदामात जमा."

सोमी काय करनार? बसली तिथंच, पाटीला हात लावून. तिकडं जना उपाशी, हिकडं ऊन चढलेलं. तेवढ्यात कोंडाजी बैलगाडी घेऊन आला. पाटीत डोकावला.

"सोमे, हे तांबडं भात माझं गं."

समोर मोहियुद्दीनशेठचं किरान्याचं दुकान. ते पन उठून आले. "आन हे पांढरं माझं. तांबड्याशेजारी माझंच शेत हाय."

"बांध कुनाचा?" कोंडाजी म्हनला. "माझ्या आज्यानं घातलेला. बांध माझा, तर बीळ माझं, तर उंदीर माझा."

"उंदीर जेवायला कुनाकडं जायचा? माझ्याकडं. शेपूट बघ त्याची, खाल्ल्या घरची हाय."

दोघं असे भांडले, जसा काय उंदीर घरजावई करून घ्यायचाय. कारकुनाला बरंच वाटलं, मालक मिळाला. त्यानं टाक दौतीत बुडवला. "कोंडाजी, उंदीर तुझा लिहू?"

"लिवा."

सोमीनं पाटी जरा जवळ वढली. आता हळूच म्हनली, "बरं झालं बया. मोहिद्दीनशेठ, तुमच्या दुकानातल्या गोन्या कुनी कुरतडल्या, पत्ता लागला बघा. कोंडाजीदादाच्या उंदरानं."

शेठचे डोळे चमकले. "खरंच की. तीन गोन्या गूळ, एक गोनी पोहे. आन माझ्या लेकीच्या, नसीबाच्या निकाहाची ओढनी. कोंडाजी, भरून दे रं."

"आन भादव्यात बांधाला भगदाड पडलं," सोमी म्हनली, "शेताचं पानी वाहून गेलं. ते पन त्यानंच पाडलेलं."

कारकून पन सावरून बसला. "सरकारी गोदामातली पोती पण फाटलीत. चौदा."

कोंडाजीचं तोंड हे एवढंसं झालं. "मी कुठं म्हनतो माझा हाय? शेठ म्हनले त्यांच्याकडं जेवायचा."

"मग तुझ्या बायकोचं, अंबाबाईचं लुगडं पन माझ्याच उंदरानं खाल्लं का?" शेठ म्हनले. "मला नको त्यो. माझा त्याचा काय संबंध नाय. मी त्याला वळखत पन नाय."

"मी पन नाय वळखत."

झालं. मघाशी दोन बाप व्हते, आता उंदीर अनाथ.

कारकुनानं डोकं धरलं. "रकाना मोकळा ठेवता येत नाही. कुणाचा लिहू?"

"आमचा लिवा," सोमी म्हनली. "कातकऱ्याचा."

"मग चौदा पोती तू भरून देणार?"

"शिक्षा दिली की रावसाहेब. काल तिघांना भाजलं, चटनीसंगं. तुमी दिली असती का एवढी?"

शेठ असे हसले की त्यांची टोपी पडली. कोंडाजी पन हसला. तोंड लपवून, पन हसला.

कारकून काय सोडतो? म्हनला, "मालक तू, तर लेव्ही पण तुझी. सरकारचा वाटा काढ."

"कशातला?"

"जे जे बिळातून निघालं त्यातला."

"बरं," म्हनून सोमीनं पळसाचं पान सोडलं आन कारकुनाच्या वहीवर उंदीर ठेवला. उंदरानं कारकुनाकडं बघितलं. कारकून खुर्चीवर चढला. उंदीर दौतीकडं गेला. कारकून खुर्चीवरनं कोंडाजीच्या गाडीवर. सुतळी सोमीच्या हातात, पन त्याला सांगायचं कोनी? शाई सांडली, उंदराची पावलं साऱ्या वहीभर उमटली.

"उचल," वरनं कारकून म्हनला. "लेव्ही माफ."

"आधी कागद."

खाली उतरून त्यानं कागद केला. पट्टी घेऊन एक नवा रकाना पाडला. सोमीनं त्याच्याकडनं वाचून घेतलं, दोनदा. नाव सोमी. जात कातकरी. वाडीचं पन नाव घातलं. माल, बिळातलं भात, वहिवाटीचं. घेनारीचा म्हून तिनं अंगठा दिला. देनाऱ्याची जागा तेवढी मोकळी राहिली. उंदराचा अंगठा घ्यायला कारकून काय तयार हुईना. शेठनं जनासाठी गुळाचा खडा दिला. कोंडाजीनं वाडीच्या वाटंपर्यंत पाटी गाडीतनं सोडली.

दिवेलागनीला पाचवी मांडली. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिवते, म्हून गावात कोरा कागद ठेवतात. वाडीत कुठला कागद? नुसता कोळसा ठेवायचे. त्या साली सोमीनं नाक्यावरचा कागद मांडला. म्हाताऱ्या कुजबुजल्या, "अगं, ह्यो तर भरलेला हाय. सटवाई लिवनार कुठं?"

"मागली बाजू कोरी हाय," सोमी म्हनली. "तिला म्हनावं पलटून घे."

मग सगळी भात जेवली. जनानं गूळ घालून पेज दोन वेळा घेतली.

सकाळी कागद बघितला, तर एक कोपरा कुरतडलेला. नेमकी देनाऱ्याच्या अंगठ्याची जागा. सोमीनं कागद झटकला, घडी घातली, वाशाला खोचला.

"आता पुरा झाला," म्हनली.