अ‍ॅलिबाय आणि कानबाईचा रोट

श्रावणात खानदेशात कानबाई देवीच्या नैवेद्याला करतात त्या रोटांचा, म्हणजे जाड पोळ्यांचा खरपूस वास आला, की मला इंग्रजी अमदानीतला, धुळ्याच्या कोर्टातला माझा पहिला खटला आठवतो. सरकारी जंगलातला साग तोडल्याचा आळ आलेला माझा अशील, सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी, एकच पालुपद लावून बसला होता, “मी तठे नव्हतू.” माझ्या सीनियरनी शिकवलं होतं, की ‘अ‍ॅलिबाय’ हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ ‘दुसरीकडे’; नुसतं ‘तिथे नव्हतो’ म्हणून भागत नाही, दुसरीकडे होतो हे दाखवावं लागतं. मी ओरडलो, “अरे, मग त्या दिवशी होतास कुठे?” तो म्हणाला, “काकूकडे, कानबाईना रोट खावाले.” पुढच्या तारखेला काकू साक्षीला उभी राहिली. “पुतण्यासाठी खोटं बोलतेस?” सरकारी वकील खेकसले. ती कडाडली, “घरना दर पुरुषना नावना गहू मोजतस आम्ही. याना वाटाना रोट यानीच खादा, मनासमोर. कानबाईनी आण लिसन खोटं बोलू?” मागे पाच घरांचे भाऊबंद पागोटी सावरत साक्षीला उठले. मॅजिस्ट्रेटही खानदेशचे, ही रीत जाणणारे; ते हसले आणि अशील निर्दोष सुटला. हा रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. पण पुढच्या श्रावणात काकूचा निरोप आला, “वकीलभाऊ, यंदा तुमना नावना गहू बी मोजात.” आज केस पिकले, तरी माझ्या वाट्याचा रोट खायला मी दरवर्षी जातो.