चिप कोणती, ते सांगा

प्रश्न मी विचारलेला आणि दुकानदाराने उत्तर दिलं ते माझ्या दिराला.

"साहेब, लेटेस्ट मॉडेल आहे. डिस्प्ले एकदम झकास."

डिस्प्लेचं मी विचारलंच नव्हतं. आत ग्राफिक्सची चिप कोणती आहे, एवढंच विचारलेलं.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. तिथल्या लॅबमध्ये आम्ही लिनक्स बसवलं होतं, विंडोजसारखंच पण फुकट मिळणारं, ज्याचा सगळा कोड उघडा असतो ते. घरीही त्यावर काम करता यावं म्हणून मला लॅपटॉप हवा होता. सुट्टीच्या दिवशी वर्तकनगरहून हे, मी आणि दीर असे तिघं स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दीर प्रिंटर विकायचे, म्हणून कॉम्प्युटरमधलं सगळं त्यांनाच कळतं, असं घरात ठरून गेलेलं.

लिनक्सचं एक दुखणं होतं. काही कंपन्या आपली चिप कशी चालते ते कुणाला सांगतच नसत. माहिती नाही म्हणून ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही तर पडदा धड चालत नाही. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं. लॅपटॉपची चिप बोर्डावरच बसवलेली, ती बदलायची सोय नाही. म्हणून चालणाऱ्या चिपांची यादी मी कॉलेजच्या इंटरनेटवरून वहीत उतरवून आणलेली.

"माझ्याकडे फ्लॉपी आहे," मी म्हटलं. "ती टाकून मशीन चालू केलं की दोन मिनिटांत चिपचं नाव दिसेल."

"बाहेरची फ्लॉपी नाय लावायची. व्हायरस येतो," दुकानदार दिराला म्हणाला.

"वहिनी, चिपबिप काय घेऊन बसलात? नवीन मशीन आहे, सगळं चालतं त्याच्यावर."

मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "अगं, तो म्हणतोय ना चालतं."

मी पुन्हा विचारलं. दुकानदार हसला आणि दिराला म्हणाला, "मॅडमना बॅग कुठल्या कलरची दाखवू?"

 आणि तरी मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

तेच मशीन घेऊन आम्ही घरी आलो आणि मी त्यावर लिनक्स चढवलं. पडद्याच्या मधोमध एक छोटा चौकोन, चारही बाजूंनी काळं, रंग मोजून सोळा. उघडलेल्या खिडक्या त्या चौकोनात मावेनात, खालची बटणं दिसतच नव्हती. वहीत पाहिलं. त्या चिपचं नाव कुठेच नव्हतं.

"मग विंडोज वापरा ना," दीर चहा पीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी एकटीच मशीन घेऊन दुकानात गेले.

"साहेबांना घेऊन या, मॅडम."

"मशीन मी वापरणारेय. चिप कोणती ते विचारलेलं, तुम्ही सांगितलं नाहीत."

"विंडोज चालतंय ना? मग मशीनमध्ये फॉल्ट नाय."

मी काउंटरसमोरून हललेच नाही. इतक्यात कोपरीचे एक काका मुलीसाठी कॉम्प्युटर बघायला आले. "काका, इथे काही विचारू नका," मी म्हटलं, "उत्तर मिळत नाही." माझा आवाज चांगलाच चढलेला. काका मागच्या मागे निघून गेले. तेव्हा कुठे दुकानदाराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"काय पायजे काय तुम्हाला?"

"इथलं एकेक मशीन माझ्या फ्लॉपीवर चालू करून बघायचंय."

तिसऱ्या मशीनची चिप यादीतली निघाली. मॉडेल जुनं, जाडजूड, आणि स्वस्तही. बदलून देतो, पण वरचे पैसे परत मिळणार नाहीत, दुकानदार म्हणाला. हा उघडउघड अन्याय होता. मी दातओठ खात ते मशीन उचललं.

घरी दीर बसलेलेच. "जुनं मॉडेल गळ्यात मारलं की हो तुमच्या! मला सांगायचंत, मी आलो असतो."

"भावोजी, काल तुम्ही आला होतात म्हणूनच हे झालं."

त्या घरात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दीर न जेवता गेले आणि पुढे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला त्याचं काही वाटलं नाही.

मशीन चांगलं निघालं. चार वर्षं ते खांद्याला लटकवून मी कल्याणला नेलं, पोरांना त्याच्यावर शिकवलं. खांदा दुखायचा, पण पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख दिसायचा.

यांच्यावरचा राग मात्र उतरायला फार वेळ लागला. मशीन बदलून आणलं त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "तुला यातलं एवढं कळतं हे मला माहीत असतं तर..."

"पाच वर्षं तेच शिकवून पगार आणतेय," मी म्हटलं.

 पुढचे दोन दिवस हे माझ्याशी फार जपून वागले, ताटं उचलली, बाजार आणला. मला ते जपणं नको होतं. दुकानात एकदा "तिला बघू दे" म्हणाले असते, तर पुरलं असतं.