कर्ण्याचे उसने कान

पंपदुरुस्तीत त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, पण त्याच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मोठी शिक्षा. समोरच्याचं निम्मं त्याला ऐकू येत नसे, आणि तो स्वतः बोलायचा ते मात्र पलीकडच्या गल्लीपर्यंत पोचायचं. म्हणून लोकांनी त्याचं नाव 'कर्णा' ठेवलं होतं. उमेदीची सगळी वर्षं पंपांच्या मोटारींच्या धडधडाटात गेली. त्यात कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मान्य करवेना. मुलीनं कानाच्या यंत्राचा विषय काढला की तो उसळायचा, "मला काय धाड भरलीय? तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता."

कामात त्यानं एक युक्ती काढली होती. पंपावर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. पंप चालू की बंद, आत काही खरखरतंय का, सगळं हाताला कळायचं. गिऱ्हाइकांना वाटे, केवढी ही साधना! तोही वाटू देई.

एकदा सकाळी एका दुमजली घरातून बोलावणं आलं. दार सुनेनं उघडलं.

"काका, एकही नळ उघडा नसतो, तरी पंप आपोआप लागतो. घरघरतो, थांबतो, की पुन्हा सुरू! सासूबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही."

पंप जिन्याखाली होता, आणि त्याला लागूनच सासूबाईंची खोली. कंबरेचं हाड मोडल्यापासून आजी पलंगावरच होत्या. त्यांना चालता येत नव्हतं, पण जीभ चांगली धावत होती.

कर्ण्यानं आधी नेहमीचा इलाज केला. पंपाशेजारच्या दाबाच्या टाकीत हवा असते. ती कमी झाली की पंप उठसूट चालू होतो. त्यानं बटण बंद केलं, टाकीतलं पाणी काढून टाकलं, हवा भरली आणि पंप पुन्हा लावला. पंप टाकी भरून थांबला. तळहात ठेवून त्यानं खात्री केली आणि सुनेकडे वळून गर्जना केली, "झालं! आता बघा, मुकाट बसेल!"

सून त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"काका... तो चालू आहे ना?"

कर्ण्यानं झटकन मागे हात नेला. पंप थरथरत होता. इतक्या वर्षांत असा तो पहिल्यांदाच पकडला गेला होता. कानाच्या पाळ्या तापल्या.

"त्याला जरा इकडे पाठव गं," आतून आजींनी हाक मारली. सुनेनं खूण केली, तसा तो खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ऐकू येत नाही ना तुला?"

"येतं की!"

आजी ओठ हलवून काहीतरी पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "सांग, काय म्हणाले मी?"

कर्ण्यानं हातातला पाना उगीचच पुसला.

"म्हणाले, गाढवा, म्हातारीशी खोटं बोलू नये."

सुनेनं तोंडाला पदर लावला. कर्णा आधी बावचळला आणि मग असा हसला, की खिडकीची तावदानं हलली.

"हे बघ," आजी म्हणाल्या, "मला चालवत नाही, तुला ऐकू येत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होईल. तू फीर, मी ऐकते. पंप लागला की ही उशाची काठी वर करते."

गळती शोधायचं काम सुरू झालं. कर्णा वरच्या मजल्याचं पाणी बंद करून आला आणि दाराशी स्टूल टाकून काठीकडे बघत बसला. काठी वर गेली. मग स्वयंपाकघराचा नळ बंद केला. पुन्हा काठी वर.

वाट बघता बघता आजींनी त्याला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड नेलं. "आमची सून कामं करताना गुणगुणते. छान गळा आहे. मी ऐकते असं सांगितलं तर लाजून बंद करेल, म्हणून बोलत नाही. तुझी लेक गाते का रे?"

कर्ण्याला ठाऊकच नव्हतं.

शेवटी त्यानं दाबाच्या टाकीपुढची चावी फिरवून सगळ्या घराचंच पाणी तोडलं. तरीही काठी वर गेली! कर्ण्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे घरात गळती नाहीच. पाणी पंपातूनच मागे, जिथून येतं त्या खालच्या हौदात पळतंय!"

पाणी उलटं जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी एक झडप असते. त्यानं ती उघडली. आतल्या रबराखाली वाळूचा एक खडा अडकून बसला होता. एवढ्याशा खड्यानं अख्ख्या घराची झोप उडवली होती. त्यानं झडप धुतली, रबर बदललं, जोडणी केली आणि स्टुलावर येऊन बसला.

काठी हलेना. चहा आला, पिऊन झाला, तरी हलेना. आजींचे डोळे मिटले होते.

"आजी? लागला का?"

"ओरडू नकोस. केवढं शांत वाटतंय."

त्या संध्याकाळी कर्ण्यानं बायकोला विचारलं, "आपली पोरगी गाते का गं?"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "लहानपणापासून."

कानाचं यंत्र घ्यायला तो मुलीबरोबर गेला, तेही आपणहून. सुरुवातीला वैताग आला. भांडी, चपला, पंखा, सगळं जग अंगावर येई. दोनदा काढून खिशात टाकलं, दोनदा पुन्हा लावलं. मुलगी मात्र गायला तयार होईना. "बाबा, असं समोर बसून बघत राहिलात तर गळ्यातून आवाज कसा निघेल?" मग तो शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसू लागला. पलीकडून सूर आला, की पान काही उलटत नसे.

पुढे एकदा, तक्रार नसतानाही, तो त्या घरी पंप बघायला गेला. आजी गाढ झोपल्या होत्या. सून त्यांना उठवायला निघाली, तसं त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"झोपू द्या," तो हळूच म्हणाला, इतका हळू की सुनेला दोनदा विचारावं लागलं.