तिरका फोटो

समोरून काढलेल्या फोटोवर काडीचाही विश्वास नसलेले साऱ्या कलकत्त्यात एकच गृहस्थ होते, आणि ते नेमके माझ्या आत्याचे यजमान होते. आतोबा एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रेचे डॉक्टर. आत्याने तळायला काढलेला पापडसुद्धा ते आधी खिडकीच्या उजेडात धरून बघत आणि तडा दिसला की बाजूला ठेवत. गणेशोत्सवात मराठी मंडळाचा ग्रूप फोटो निघाला, तेव्हा सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून आणि हे एकटे काटकोनात. फोटोग्राफर विनवून थकला. "समोरून सगळेच सज्जन दिसतात," एवढं सांगून ते तसेच उभे राहिले.

स्वातंत्र्य नवं होतं, मीही नवा होतो. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन त्यांच्याकडे राहायला आलो आणि पहिल्याच उत्साहात धर्मतल्याला चालत्या ट्राममधून उतरलो. गुडघ्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाड मोडलं. आतोबांच्याच रुग्णालयातले सर्जनसाहेब नावाजलेले, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. समोरून काढलेला एक्स-रे फोटो पाहून ते म्हणाले, किरकोळ चीर आहे, प्लास्टर घाला. आतोबांनी मात्र मला टेबलावर कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर वळवून तिरके फोटो काढले. मी बोंबललो, पण ऐकतो कोण? मांडीचं हाड ज्या सपाट भागावर टेकतं, तो एका बाजूला चक्क खचलेला निघाला. साहेबांना ऑपरेशन करावं लागलं आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

ऑपरेशननंतर समोरचा फोटो सुरेख आला. साहेब खूश झाले. आतोबांनी मला पुन्हा वळवलं, तर मागची कड अजून खालीच होती. साहेबांनी आधी बंगालीत, मग इंग्रजीत समजावलं की माणूस चालेल, तेवढं पुरे. आतोबा म्हणाले, आज चालेल आणि पुढे गुडघा झिजवून काठी घेईल. शिवाय आमच्याकडे पाटावर मांडी घालून जेवतात, तिथे याला कसा बसवू? टेबलखुर्ची सुचवण्यात आली. तेव्हा आतोबांनी 'हाड नीट बसलं' अशा रिपोर्टवर सही करायचंच नाकारलं. वरिष्ठांनी बोलावून नोकरीची आठवण करून दिली. आत्याने रडून पाहिलं. शेवटी मीच म्हणालो, "आतोबा, सोडा ना. थोडा लंगडलो म्हणून काय बिघडतंय?"

ते माझ्यावरच उखडले. "पाय तुझा असेल. फोटो माझा आहे. त्यात जे नाही, ते मी लिहिणार नाही."

अखेर सर्जनसाहेब स्वतः खाली एक्स-रेच्या खोलीत आले. तिरके फोटो दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी मला परत ऑपरेशनला घेतलं. त्यानंतरचा फोटो सगळ्या बाजूंनी चोख आला. आतोबांनी सही केली. पुढे लवकरच रुग्णालयाने त्यांना निरोप दिला. घरी येऊन त्यांनी ती बातमी अशा थाटात सांगितली, जणू रुग्णालयालाच त्यांनी काढून टाकलं होतं. ती नोकरी गेल्याचं दुःख त्यांना झालं नसेल असं नाही, पण ते कुणाला दिसू देतील तर ते आतोबा कसले.

काही वर्षांनी ते गेले. नीमतल्याच्या स्मशानघाटापर्यंत त्यांना खांद्यावर न्यायचं होतं. मंडळातली माणसं माझ्या पायाकडे बघून वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होती, आता खांदा बदल. मी बदलला नाही. डोळ्यांपुढचा रस्ता दिसत नव्हता, पण पाय एकदाही लटपटला नाही.