मळमड्डीच्या भाकरीचे अडलेले पैसे

ती घटना आठवली की आजही माझ्या डोळ्यांसमोर कडक भाकरीचं पाकीट येतं. केस सगळी नावांची, आणि नावं तर मी लिहिणार नाही. तेव्हा वाचकांनी सासू, सून आणि थोरला मुलगा एवढ्यावर भागवून घ्यावं.

सुरुवात निनावी फोनने झाली. ‘मळमड्डीत एक सून सासूचे पैसे खातेय, बघा की जरा,’ एवढं बोलून माणसाने फोन ठेवला. मळमड्डी ही आमच्याच हद्दीतली वस्ती. दुसऱ्या दिवशी हुबळीच्या कोप्पीकर रोडवरचा एक दुकानदार लेखी तक्रार घेऊन धारवाडच्या आमच्या ठाण्यात आला. आवाज तोच होता. मी तक्रार वाचायला घेतली. पोलिसाने ओळखलं तरी लगेच दाखवू नये.

हाच थोरला मुलगा. तक्रार धाकट्या भावाच्या विधवेविरुद्ध होती. भाऊ गेल्यावर सासू-सुनेने घरी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी करून विकायला सुरुवात केली होती. आधी पैसे थेट सुनेच्या बँकखात्यात यायचे आणि ती ते सासूच्या हातात ठेवायची. मग पुण्या-बेंगळूरहून मागणी वाढली, तेव्हा सुनेने ऑनलाइन दुकान उघडलं आणि पैसे गोळा करून देणारी एक कंपनी निवडली. तेव्हापासून गिऱ्हाईक पैसे भरायचं, फोनवर ‘पैसे मिळाले’ असं दिसायचं आणि खात्यात मात्र काहीच यायचं नाही.

‘फोन तिच्याच हातात असतोय, साहेब. पैसे दुसरीकडं वळवले असणार. शाबीत झालं की अळणावरला माहेरी धाडतो तिला,’ थोरला म्हणाला. पैसे बाजूलाच राहिले, त्या पोरीचं घर जाणार होतं. मला त्याचा राग आला, पण अर्ज नोंदवून घेतला.

दोघींना महिला शिपायासमोर बसवलं. सासू खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. मी सुनेला विचारलं, ‘कंपनी कुणी सुचवली?’

‘मीच तीन ताडून बघितल्या, सर. एक दर विक्रीमागं जास्त कापते, पण दुसऱ्या दिवशी पैसे टाकते. हुबळीत त्या कंपनीचा माणूस पण आहे. दुसरी महिन्याचं भाडं मागते, विक्री होवो न होवो. ही सगळ्यात कमी कापते. अत्यांचे,’ तिने सासूकडे मान वळवली, ‘कष्ट आहेत की, म्हणून हीच घेतली.’

लबाड माणूस चौकशीत आधी स्वतःची बाजू मांडतो. ही मला व्यवहार समजावून सांगत होती. तरीही पैसे गेले कुठे, हा प्रश्न उरलाच होता.

तेवढ्यात तिची आई अळणावरहून धावतपळत आली आणि दारातूनच तिला भलत्याच नावाने हाक मारली. सुनेने चटकन वळून पाहिलं.

‘हे कुठलं नाव?’ मी विचारलं.

‘माहेरचं, सर. लग्नात तांदळात अंगठीनं लिहून बदललं की.’

‘बँकेत कुठलं आहे?’

‘खातं लग्नाआधीचं आहे. तिथं माहेरचंच.’

‘आणि कंपनीत?’

‘सासरचं.’

मी खुर्चीतून उठलोच. पासपोर्टच्या चौकशीत आमच्याकडे लग्न झालेल्या बायकांच्या फायली हमखास इथेच अडत. कंपनीचं तरी वेगळं काय असणार?

तिला तिच्याच फोनवरून मदतकेंद्राला फोन लावायला सांगितला. यंत्र आधी इंग्रजीत बोललं, मग हिंदीत, मग गाणं लागलं. माझा चहा निवला आणि डोकं तापलं. शेवटी एकदाचा माणूस बोलला. पैसे सुरक्षित होते. दुकान एका नावाचं, खातं दुसऱ्या नावाचं, म्हणून अडवून ठेवले होते. ईमेल पाठवले होते म्हणे. ते ईमेल खातं फोन घेताना मोबाइल विकणाऱ्याने काढून दिलेलं होतं, आणि तिने ते कधी उघडलंच नव्हतं.

थोरल्याला बाहेर नेऊन चार शब्द सुनावले. त्याने मुकाट्याने तक्रार मागे घेतली, आणि आत येऊन भावजयीला ‘चुकलं माझं’ म्हणाला, हेही सांगायला हवं.

जबाब संपवताना मी सासूबाईंना सहज विचारलं, ‘तुमचं माहेरचं नाव काय हो?’

त्यांनी पिळलेला पदर सोडून सारखा केला. मग नाव सांगितलं आणि लाजून हसल्या. ‘त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही री, साहेब. हिचं नाव मीच बदललं. तिला विचारलंपण नाही.’ सुनेने त्यांचा हात धरला.

विवाहाचा दाखला पाठवल्यावर अडलेले सगळे पैसे आले. पुढे दोघींनी हुबळीत माणूस असलेली कंपनी घेतली. मला ते पटलं. किती कापते हे बघावंच, पण अडल्यावर फोन कोण उचलतो हेही बघावं. आमच्या ठाण्याचीही लोक अशीच पारख करतात. आणि पैसे दिसेनासे झाले की ‘कुणी घेतले’ याच्या आधी ‘कुठे अडले’ हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो.

निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडून कडक भाकरी मागवली, रीतसर ऑनलाइन पैसे भरून. पाकिटावर करणाऱ्यांची नावं छापली होती. दोन्ही माहेरची. बायकोला कळेना, मी ती पुन्हा पुन्हा मोठ्याने का वाचतोय.