हलकं हवं, मुकं नको

माझी मावशी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. तिथल्या कुठल्याही फोनवरून शून्य दाबलं की मावशीचा आवाज यायचा, म्हणून सगळे तिला शून्यबाई म्हणत. तिला जन्मापासून दिसत नाही. पण आतले चारशे बारा नंबर तिला तोंडपाठ होते, आणि नुसत्या ‘हॅलो’वरून कोणता डॉक्टर जेवून आलाय आणि कोणता अजून उपाशी आहे हे ती ओळखायची.

ती निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी मिळून तिला एक छोटा लॅपटॉप भेट दिला, आणि त्याच्यासोबत कामही दिलं. नव्या ऑपरेटरांसाठी एक पुस्तिका लिहून द्यायची: घाबरलेल्या माणसाशी फोनवर कसं बोलायचं, काय आधी विचारायचं, काय मुळीच विचारायचं नाही. मावशी हरखून गेली. टायपिंग तिला कधीपासून येत होतं, आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये होताच.

पण लॅपटॉप अगदीच अशक्त निघाला. मेमरी जेमतेम दोन जीबी, आणि तिच्यावर पहिलवानासारखी सिस्टिम बसवलेली. मावशी एक शब्द टाइप करायची, आणि तो शब्द तिला ऐकू यायचा तेव्हा तिचं वाक्य संपून गेलेलं असायचं.

“मी पुढच्या नाक्यावर पोचले तरी हा मागं चपला शोधतोय,” ती म्हणाली.

“दुसरा घेऊ,” मामा म्हणाला. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दोघं एकाच घरात राहतात. तो जलतरणाचा प्रशिक्षक होता, आणि अजूनही त्याच्या गळ्यात स्टॉपवॉच असतं. दूध उतू जायला किती वेळ लागतो हेसुद्धा तो मोजतो.

“भेट आहे ती,” मावशी म्हणाली. “भेट बदलत नाहीत. दुरुस्त करतात.”

मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कॉम्प्युटरमधलं मला विशेष काही कळत नाही. पण आमच्याकडे एक पुरातन मशीन होतं, त्यावर कुणीतरी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम टाकून दिली होती, आणि ते ठणठणीत चालत होतं. मी चौकशी केली. लिनक्स फुकट असतं, कुणीही उघडून बघावं, सुधारावं असं असतं, आणि त्याचे शंभर प्रकार असतात. त्यातले काही खास अशक्त मशिनांसाठीच बनवलेले. शिवाय पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही पुसलं जात नाही. मी तीन पेनड्राइव्हवर तीन प्रकार उतरवून घेतले आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले.

पहिला प्रकार सगळ्यात हलका होता. मामानं स्टॉपवॉच दाबलं.

“सव्वीस सेकंद!” तो ओरडला. “ताई, सव्वीस सेकंदांत उठला! हाच घ्यायचा. विषय संपला.”

मावशी की-बोर्डवर हात ठेवून बसली होती. “सुरू झालाय?”

“झालाय की! मस्त निळा पडदा आलाय.”

“मग बोलत का नाही?”

मी सगळ्या मेनूंमध्ये शोधलं. हलका करता करता त्यांनी वाचून दाखवणारा प्रोग्रॅमच काढून टाकला होता. मामाचा चेहरा पडला.

“हलकं हवं, मुकं नको,” मावशी म्हणाली. “पुढचा लाव.”

दुसरा बोलका होता आणि दिसायलाही देखणा, पण लॅपटॉपला घाम फुटला. पंखा घरघरायला लागला, आणि आवाज पुन्हा चपला शोधायला गेला. मामानं मोजणं अर्ध्यावर सोडलं. तो प्रशिक्षक असताना हळू पोहणाऱ्या पोरांनाही असंच मध्येच पाण्याबाहेर काढायचा म्हणे.

तिसऱ्याला सुरू व्हायला पाऊण मिनिट लागलं. मी सांगितलेल्या तीन कळा मावशीनं एकदम दाबल्या, आणि ताबडतोब एक नाकातला, पत्र्याचा आवाज मराठीत बोलायला लागला. मावशीनं टाइप केलं, आवाजानं वाचलं. तिनं वेग वाढवला, त्यानंही वाढवला. शेवटी ती इतकी भराभर लिहायला लागली की मला तर नुसता गुणगुणाट ऐकू येत होता. तिला मात्र शब्द न् शब्द कळत होता.

“याला सर्दी झालीय,” ती हसत म्हणाली, “पण हजर आहे. हाच.”

“ताई, पण सव्वीस कुठे आणि पंचेचाळीस कुठे!”

“तुला शर्यत लावायचीय, मला बोलायचंय.”

मग तो प्रकार लॅपटॉपवर कायमचा बसवायचा होता. ते काम मावशीनं स्वतःच करायचं ठरवलं. पडद्यावरची पहिली तीन पानं सुरळीत गेली. चौथ्या पानावर आवाज म्हणाला, “बटण. बटण. बटण.” कुठलं बटण, काही नाही. मी बघून सांगितलं, तिनं दाबलं, आणि काम पार पडलं.

“झालं ना आता?” मी विचारलं.

“तू होतीस म्हणून झालं. एकट्यानं बसलेल्या माणसानं काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी तिनं त्या सिस्टिमच्या चर्चेच्या पानावर तक्रार लिहिली. फोन जोडून देताना ती जशी बोलायची तशीच: कोण बोलतंय, कुठून, काय झालं, काय हवं. चार ओळी. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. सिस्टिमचं मराठी सांभाळणारा एक स्वयंसेवक होता, तो शाळेत भूमिती शिकवायचा. त्यानं लिहिलं होतं, ‘कोणती बटणं, त्यांचा फोटो पाठवता का?’

मावशीनं उत्तर टाइप केलं, ‘दिसली असती तर तक्रार केली नसती.’

बिचाऱ्या मास्तरांनी पुढच्या पत्रात तीन वेळा माफी मागितली. मग सरळ विनंतीच केली: आम्ही दुरुस्त करतो, पण ऐकून तपासणारं आमच्याकडे कुणी नाही. तुम्ही तपासाल का?

अशा रीतीनं बासष्टाव्या वर्षी मावशीला नवी नोकरी लागली. पगार शून्य. “नावाला शोभेल असा,” मामा म्हणाला.

मास्तर दर आठवड्याला सुधारलेली प्रत पाठवायचे. मी ती पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचे, आणि मावशी लॅपटॉप पुसून सगळं पहिल्यापासून बसवायची. मला आणि मामाला खोलीत यायची बंदी. मधल्या दिवसांत पुस्तिका चालू असायची. ती प्रत्येक प्रकरण आधी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची आणि मगच पुसायला घ्यायची.

सहाव्या वेळी ती ठेवायची विसरली. विसरली म्हणजे, तो वेगळा पेनड्राइव्ह आणायला ती उठणारच होती, पण एका पानावर आवाज फक्त “पुढे” म्हणाला आणि तिनं सवयीनं पुढे दाबलं. त्या पानावर लाल अक्षरांत इशारा होता: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. तो इशारा आवाजानं वाचलाच नव्हता. आठवड्याभरात लिहिलेली दोन प्रकरणं गेली.

मी आले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. मामानं खुणेनंच मला सांगितलं, बोलू नकोस. मधे फोन वाजला तर तिनं तो उचलला नाही, आणि फोन वाजूनही मावशी जागची उठत नाही हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाबरतच गेले, तर आतून टाइप करण्याचा आवाज येत होता.

“बस,” ती म्हणाली. “आधी मास्तरांना लिहिलंय. इशारा लाल असून काय उपयोग, तो बोलला पाहिजे. आणि प्रकरणं परत लिहितेय. आधी फार पाल्हाळ झालं होतं. जिचा बाप बेशुद्ध पडलाय त्या मुलीला तीन वाक्यं ऐकायला वेळ नसतो. आता एकच ठेवलंय.”

“कुठलं?”

“‘मी इथंच आहे, मला पत्ता सांगा.’”

मास्तरांनी ते पान तर दुरुस्त केलंच, वर असा नियमच करून टाकला की इशारा पूर्ण वाचून झाल्याशिवाय पुढचं बटण दाबलंच जाणार नाही. एकूण नऊ फेऱ्या झाल्या. नवव्या वेळी मावशीनं कुणालाही हाक न मारता सगळं बसवलं आणि बाहेर येऊन चहा मागितला. मामानं न विचारताच वेळ सांगितली, एकोणतीस मिनिटं बारा सेकंद. तो दाराबाहेर उभा राहून मोजत होता.

पुस्तिका पावसाळ्याआधी इस्पितळात पोचली, आणि नव्या मुली ती वाचून प्रशिक्षण घेतात असं कळलं. सिस्टिमची नवी आवृत्तीही जाहीर झाली. तपासणाऱ्यांच्या यादीत मावशीचं नाव होतं, ते तिनं सर्दीवाल्या आवाजाकडून दोनदा वाचून घेतलं.

मग महिन्याभरानं चर्चेच्या पानावर एक अनोळखी निरोप आला. लिहिणारी बाई नकाशे काढायची. आजारात वर्षाभरापूर्वी तिची नजर गेली होती. तिनं लिहिलं होतं: ‘घरी कुणी नव्हतं. मी एकटीनं लॅपटॉप तयार केला. नजर गेल्यापासून मी एकटीनं पूर्ण केलेलं हे पहिलं काम. ज्यांनी हे तपासलं त्यांना सांगा.’

मावशीनं मास्तरांमार्फत त्या बाईचा नंबर मिळवला आणि फोन लावला. मी वाळलेले कपडे घेऊन खोलीत गेले, तर तिनं हातानंच मला बाहेर जायला सांगितलं. जाता जाता एवढंच ऐकू आलं: “नाही हो, काठी उजव्या हातात धरू नका, तुमचा उजवा लिहिता हात आहे ना? तो मोकळा राहू दे. थांबा, नीट सांगते.”

मामानं दाराबाहेर स्टॉपवॉच लावलं होतं. दीड तास झाला तरी आतलं बोलणं चालूच होतं, तेव्हा त्यानं ते बंद केलं आणि आम्ही दोघं जेवायला बसलो.